कालव्याकडे तोंड केलेला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. नरसाळ्यासारखं तोंड, मागे गोल डबी, आणि अंगावर आता रंगापेक्षा गंजच जास्त. आजवर माझ्या तोंडून लाखो शब्द बाहेर पडले, पण त्यांतला एकही माझा नव्हता. खाली कोणीतरी मायकात बोलायचं आणि वरून मी ओरडायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा. आज मात्र मला माझं सांगायचं आहे. ऐकताना भीती वाटली तर शेजारी बसलेल्याचा हात धरा. मला हात नाहीत, म्हणून मी सगळं एकट्यानंच ऐकलं.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. एका वयस्कर कारागिरानं मला लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून गोल केलं. मग माझ्या घशाशी त्यानं एक पातळ पडदा बसवला. खालून आवाज आला की हा पडदा थरथरतो, आणि त्याचं थरथरणं म्हणजेच माझं बोलणं. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. माझ्यासमोर उभं राहून कोणी बोललं, तरी हाच पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून उलटी खाली जाते. ज्या तोंडानं मी बोलतो, त्याच तोंडानं मी ऐकतो. हे नीट ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्यावरच उभी आहे.

मला विकत घेतलं ते एका फुटबॉल संघानं. शहराच्या टोकाला, कालव्याला लागून, दोरखंडाचा मोठा कारखाना होता. तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत दोर वाळत घालायच्या पटांगणात चेंडू लाथाडत. त्यातून संघ झाला. लोक त्यांना 'दोरवाले' म्हणायचे. आधी नाक मुरडून म्हणायचे, नंतर मोठ्या मानानं म्हणायला लागले. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे चेंडू एकच होता. मैदानाच्या एका अंगाला बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडे लगेच कालवा. चेंडू पाण्यात गेला की सामना खोळंबायचा. म्हणून एक रिवाज पडला. ज्यानं चेंडू बाहेर मारला, त्यानंच तो आणायचा, मग तो कर्णधार का असेना. खेळाडू भिंतीवरून उडी मारायचा आणि जाता जाता ओरडायचा, "आलो रे!" म्हणजे, माझ्यावाचून सुरू करू नका.

दोरवाले तिसऱ्या गटातून दुसऱ्यात चढले त्या वर्षी मला खांबावर टांगलं. एका खांबावर आम्ही दोघे, मी आणि माझ्यासारखाच दुसरा, मैदानाकडे तोंड केलेला. वायरमन शिडीवरून उतरला तेव्हा कारखान्याचे मालक खाली उभेच होते. त्यांनी वर पाहिलं.

"अरे, याचं तोंड कुठं केलंस?"

"कालव्याकडे."

"का पण?"

"शिडीवरून मला तेच पुढं वाटलं," वायरमन म्हणाला.

मालक हसले. म्हणाले, "राहू दे तसंच. ज्यांना तिकीट मिळत नाही ते बाहेर उभं राहून ऐकतील." आणि मी तसाच राहिलो. म्हणजे बघा, या संघाचा सगळा पराक्रम माझ्या पाठीमागे घडला. लोक मला विचारतात, तू किती थोर सामने पाहिलेस रे! कप्पाळ माझं. मी एकही पाहिला नाही. मी पाहिला तो कालवा, त्याच्या काठची पायवाट, पाण्यात उतरणाऱ्या शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, लांबवर लोखंडी पूल. मैदानाचं मला जे काही कळलं ते पाठीला लागलेल्या आवाजावरून.

पण आवाजावरून पुष्कळ कळतं. गोल झाल्यावर लोक ओरडतात आणि गोल हुकल्यावर ओरडतात, यातला फरक मी झोपेतही सांगेन. दोर ओढताना कामगार म्हणायचे तसं आमचे प्रेक्षक एका सुरात म्हणायचे, "ओढ, ओढ!" तो आवाज चढत गेला की समजावं, आपली मंडळी पुढे सरकताहेत. असे चढत चढत दोरवाले पहिल्या गटात गेले. मग ते पगारी झाले. कारखान्याचं काम सुटलं आणि खेळणं हेच काम झालं. नवे बूट आले, मालिश करणारा आला, आणि एका पिशवीत मावणार नाहीत इतके चेंडू आले. बाहेर गेलेला चेंडू स्वतः आणायची आता गरज उरली नव्हती.

तरी एकजण तो रिवाज पाळायचा. त्याला सगळे डावऱ्या म्हणत. डाव्या पायाचा खेळाडू, मैदानाच्या डाव्या कडेनं, म्हणजे भिंतीच्या बाजूनं पळायचा. अंगानं किडकिडीत, पण पळायला लागला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. कोणी म्हणायचं, "अरे, दुसरा चेंडू आहे ना." तो म्हणायचा, "मारला मी, तर आणणार कोण, तू?" आणि टुणकन भिंतीवरून उडी. मला त्याचा चेहरा चांगला ठाऊक होता. सगळ्या संघात मी तोंडावरून ओळखायचो असा तो एकटाच.

आमचा बोलणारा माणूस म्हणजे दादा. जिना चढून जायच्या लहानशा लाकडी खोलीत मायक पुढ्यात घेऊन बसायचा. आवाज असा की ऐकणाऱ्यानं ताठ बसावं. सामन्याआधी तो आपल्या अकरा जणांची नावं घ्यायचा, आणि प्रत्येक नावावर सगळं मैदान एका आवाजात म्हणायचं, "आहे!" दादाला वायरमननं एक सवय लावून दिली होती. बोलणं झालं की यंत्र बंद करायचं, तारेच्या टोकाला कानाची छोटी डबी जोडायची आणि एकेक कर्णा ऐकून पाहायचा. वाऱ्याची सरसर आली तर कर्णा जिवंत. दादा रोज ऐकायचा आणि माझ्या पाळीला म्हणायचा, "याला पाण्याचा आवाज येतोय. हा आपला कालव्याकडचा शहाणा." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

डावऱ्याची बायको ही दादाची धाकटी बहीण. दादा तिला छोटी म्हणायचा आणि सगळा संघ तिला वहिनी म्हणायचा. तिच्या नवऱ्याची खोड काढायची तर तिच्यादेखतच काढावी, इतकी ती मनमोकळी हसायची.

आता ती संध्याकाळ सांगतो. हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर पहिल्या गटाचं अजिंक्यपद, आजवर कधीच न मिळालेलं. गोल शून्य-शून्य. वेळ संपत आली होती. पाठीमागे लोकांचा घसा बसला होता. एवढ्यात धप्प आवाज झाला आणि चेंडू माझ्या डोक्यावरून कालव्यात पडला. समोरचे चढून आले होते, म्हणून डावऱ्यानं तो जिवाच्या आकांतानं बाहेर मारला होता. आणि लगेच तो भिंतीवर दिसला. "आलो रे!" म्हणाला आणि खाली उडी मारून पायऱ्या उतरू लागला.

तिकडे मैदानात, हे मला मागाहून कळलं, कोणीतरी दुसरा चेंडू टाकला. पंच घड्याळाकडे पाहत होते, त्यांनी खेळ चालू केला. आमचा गोलरक्षक, त्याला त्याच्या रुंदीमुळे कपाट म्हणत, त्यानं समोरच्यांनी आत फेकलेला चेंडू झेलून लांब मारला, आणि पुढच्या क्षणी माझ्या पाठीवर असा आवाज आदळला की खांब हलला. गोल झाला होता. दहा जणांनी केला होता, पण ते मोजायला कोणाला सवड होती?

इकडे डावऱ्या शेवटच्या पायरीवर होता. चेंडू हातभर लांब तरंगत होता. त्यानं वळून मैदानाकडे कान दिला, लोक आपल्यालाच घाई करताहेत असं वाटून जणू हसला, आणि पाय लांब केला. बुटांच्या खिळ्यांना शेवाळ कुठलं धरायला. तो पाण्यात गेला. त्याला पोहता येत नव्हतं हे मला तेव्हा कळलं. त्यानं हाक मारली. एकदा, दोनदा. त्याच वेळी शिट्टी वाजली, लोक मैदानात घुसले, आणि दादानं आनंदाच्या भरात बँडची तबकडी लावून यंत्राचा आवाज चढवता येईल तेवढा चढवला. पायवाटेवर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव आत होतं. त्या बुडणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी मोठमोठ्यानं बँड वाजवत होतो. गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं, मित्रांनो.

बोटी सोडायला संध्याकाळी कालव्याची दारं उघडतात. पाणी ओढ घेऊन नदीकडे गेलं.

पुढचं मी मागाहून ऐकलेलं. कारखान्याच्या भोजनगृहात मेजवानी होती. मिरवणूक तिकडे गेली. प्रत्येकाला वाटलं, डावऱ्या दुसऱ्या घोळक्यात आहे. पानं वाढून झाली, करंडक मेजावर ठेवून झाला, भाषण झालं. मग वहिनीनं कपाटाला विचारलं, "आमचे हे कुठं आहेत?" कपाट म्हणाला, "इथंच होता की." त्यानं शेजारच्याला विचारलं. शेजारच्यानं पुढच्याला. आणि विचारत विचारत तो प्रश्न मेजाच्या टोकाला जाऊन रिकाम्या खुर्चीपाशी थांबला. कंदील घेऊन माणसं कालव्यावर आली तेव्हा पाणी आरशासारखं शांत होतं. काही सापडलं नाही. ना तो, ना चेंडू.

नवा हंगाम सुरू झाला. डाव्या कडेला नवा खेळाडू आला. पहिल्या सामन्याला दादानं अकरा नावं घेतली, अकरा वेळा मैदान "आहे!" म्हणालं, आणि दादाची जीभ सवयीनं पुढे गेली. त्यानं डावऱ्याचं नाव घेतलं. कोणी काही बोललं नाही. हजारो माणसं एकदम गप्प झाली की फार वाईट वाटतं, पाठीला गार लागतं.

आणि समोरून, पार त्या लोखंडी पुलापाशी, पाण्याच्या पातळीवरून उत्तर आलं.

"आलो रे."

मी ते स्पष्ट ऐकलं. दादानं यंत्र बंद करून डबी कानाला लावली होती, त्यानंही ऐकलं. त्यानं वायरमनला बोलावून घेतलं. म्हणाला, "तारेत कोणीतरी आहे." वायरमन म्हणाला, "तारेत वीज असते दादा, माणूस कुठला." पुढच्या सामन्याला तोही डबी लावून बसला. नाव घेतलं. उत्तर आलं. वायरमननं डबी हळूच खाली ठेवली आणि जिना उतरला. हत्यारांची पिशवी तिथंच राहिली. ती न्यायलासुद्धा तो कधी परत आला नाही.

दादानं बहिणीला सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. तेव्हापासून वहिनी प्रत्येक सामन्याला यायला लागली, पण आत नाही. ती भिंतीबाहेर, पायवाटेवर, बरोबर माझ्याखाली उभी राहायची. बारावं नाव निघालं की डोळे मिटायची. उत्तर आलं की स्वतःशीच म्हणायची, "अजून पुलाशीच आहेत." पुढच्या हंगामात म्हणाली, "पुलाच्या अलीकडे आले." माझ्या अंगावर काटा यायचा, तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं. तिला वाटत होतं, माणूस घरी यायला निघालाय, वेळ लागतोय इतकंच.

बारावं नाव म्हणजे आता संघाची प्रथा झाली होती. पाहुणे संघ टोप्या काढून उभे राहायचे. वर्तमानपत्रांत छापून यायचं. आणि आवाज जवळ येत येत एका वर्षी पायऱ्यांशी येऊन ठेपला.

त्या दिवशी वहिनी नीट केस विंचरून आली होती. नाव निघालं. "आलो रे," पायरीवरून आवाज आला, आणि पाठोपाठ ओल्या बुटांची टपटप दगडावर चढू लागली. दिसत मात्र काहीच नव्हतं. वहिनीनं हात पुढे केला. टपटप तिच्यापाशी आली, क्षणभरही न थांबता तिच्या अंगावरून पुढे गेली, आणि भिंतीवरून उडी मारल्याचा आवाज झाला. तिच्या हातावर पाण्याचा एक थेंब राहिला. बराच वेळ ती त्या थेंबाकडे बघत होती. तो घरी येत नव्हता, मित्रांनो. तो कामावर येत होता.

त्यानंतर दोरवाल्यांना तोड राहिली नाही. घरच्या मैदानावर कितीतरी हंगाम ते हरलेच नाहीत. अजिंक्यपद पुन्हा मिळवलं, लागोपाठ मिळवलं. सगळ्या देशाचा करंडक आणला. ज्या बड्या शहराचा संघ आमच्याशी खेळायला कमीपणा मानायचा, तोच इथून मान खाली घालून गेला. एकदा पाहुण्यांचा एक बचावपटू मध्यंतरात कपाटाला म्हणाला, ते मी पाठीमागून ऐकलं. "तुमच्या डाव्या कडेला दोघं ठेवलेत का हो? एकालाच आवरता येत नाही."

"एकच आहे," कपाट म्हणाला.

"मग माझ्या कानाशी श्वास कोण घेतंय?"

कपाट बूट आपटत आपल्या गोलाकडे निघून गेला. उन्हाळ्यातसुद्धा भिंतीकडेची गवताची पट्टी ओली असायची. माळी रोज पाहायचा आणि रोज तिकडं पाणी घालायचं टाळायचा. सगळ्यांना कळत होतं आणि कोणी तोंड उघडत नव्हतं. करंडक येत होते ना. सामना संपला की टपटप भिंतीवरून परत यायची, पायऱ्या उतरायची, पाण्यात एक वलय उठायचं. पुढच्या सामन्याला पुन्हा नाव, पुन्हा "आलो रे". वहिनी त्याच जागी उभी असायची. तिचे केस पांढरे झाले. दादा एकदा तिला म्हणाला, "छोटी, नको येत जाऊस." ती म्हणाली, "जाता-येता तरी जवळून जातात. तेवढं तरी राहू दे."

मग संघाचे दिवस फिरले. जुने मालक गेले, कारखाना बंद पडला, संघ दुसऱ्यांनी घेतला. त्यांनी एक नवे साहेब नेमले. मोठे चटपटीत गृहस्थ. घरच्या मैदानावर आम्ही हरायला लागलो होतो, आणि साहेबांना कारण हवं होतं. कोणीतरी त्यांना बाराव्या नावाचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग एकदाच का घेता? मध्यंतरातही घ्या. आणि जरा जोरात घ्या."

दादा आता थकला होता, पण हुकूम तो हुकूम. नाव दोनदा निघायला लागलं, मग तीनदा. टपटप दमून पाण्यात परतली की पुन्हा नाव, आणि प्रत्येक वेळी कालव्यातून उत्तर आलंच. पण ते आता आधीसारखं नव्हतं. आधी तो "आलो रे" असं म्हणायचा की जणू घास अर्धा टाकून उठलाय. आता "आलो" म्हणायचा, मधेच धाप टाकायचा, आणि मग "रे" म्हणायचा. पायऱ्या चढताना टपटप मध्येच थांबायची. एका सामन्याला वहिनीनं ते ऐकलं आणि भिंतीला हात टेकून तशीच खाली बसली. सामना संपताच ती दादाच्या खोलीत गेली. डबी तारेला जोडलेलीच होती, आणि तीही माझ्यासारखीच ऐकवते तशी ऐकते, म्हणून त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत आलं.

"ते दमलेत, दादा."

"मलाही ऐकू येतं, छोटी."

"तुम्ही त्यांना खेळायला बोलावताय. इतकी वर्षं. त्यांना वाटतंय अजून तोच सामना चालू आहे. शून्य-शून्यच आहे. चेंडू सापडला नाही म्हणून आपण अडलोय, असं वाटतंय त्यांना."

दादाची खुर्ची करकरली.

"शिट्टी झाली हे त्यांना कोणी सांगितलंय का रे?" तिनं विचारलं.

कोणीच सांगितलं नव्हतं. इतक्या मोठ्या संघात, इतक्या वर्षांत, एवढं साधं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दादा साहेबांकडे गेला. हंगामाचा शेवटचा सामना पुढ्यात होता. हरलो असतो तर पहिल्या गटातून खाली घसरलो असतो, तिथून पुन्हा वर येण्याची ताकद या संघात राहिली नव्हती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दादा, तुम्ही भले माणूस आहात. पण नाव बंद, आणि तेही या सामन्याला? पुढच्या हंगामात बघू." दादा खाली मान घालून परत आला. तोही या संघाचं मीठ खाल्लेला माणूस. एका बाजूला बहीण आणि दुसऱ्या बाजूला सगळं गाव.

सामन्याच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. मी खाली पाहिलं, वहिनी तिच्या जागी नव्हती. प्रथमच नव्हती. दादानं नावं घ्यायला सुरुवात केली. अकरा नावं झाली, अकरा वेळा "आहे!" झालं. मग तो थांबला. मायकातून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सगळे वाट बघत होते. मला वाटलं, आता निघालं नाव.

"सरक जरा," असा हळू आवाज आला आणि माझ्या पडद्यावर कधी न उमटलेली थरथर उमटली. वहिनी बोलत होती.

"अहो," ती म्हणाली.

तिनं नवऱ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. पण कालव्यानं ओळखलं. पायऱ्यांपाशी पाणी हललं.

"अहो, सामना संपला."

तिनं यंत्र बंद केलं आणि दादाच्या हातातली डबी कानाला लावली. मैदानात पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता. माझ्यासमोर, शेवटच्या पायरीवरून, दमलेला आवाज आला.

"किती झाले?"

मित्रांनो, आत बसलेल्या हजारो लोकांना हे ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू आलं ते फक्त एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं. दोन्ही बाजू ऐकणारे आम्ही तिघंच होतो, मी, ती, आणि डबीला कान लावून तिच्या खांद्याशी वाकलेला दादा.

यंत्र पुन्हा चालू झालं. "एक-शून्य," वहिनी म्हणाली. "आपण जिंकलो."

पुन्हा बंद. "खरंच?"

"अगदी खरं. कधीच जिंकलो."

"चेंडू सापडत नाहीये."

"राहू द्या तो. त्यांनी दुसरा घेतला होता."

मग अगदी हलक्या आवाजात, संकोचून, तो म्हणाला, "पाय ओले आहेत गं."

"असू देत," वहिनी म्हणाली, आणि आता तिचा आवाज साऱ्या मैदानावर कापत होता. "मी फरशी पुसेन. तुम्ही घरी या."

कपाट आता फाटकावर तिकिटं फाडायचं काम करायचा. त्यानं म्हणे त्या क्षणी फाटक उघडं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पाहिलं ते इतकंच. टपटप पायऱ्या चढली. भिंतीपाशी आली. आणि भिंतीवरून उडी न मारता पायवाटेनं सावकाश निघून गेली. थोड्या वेळानं वहिनी जिना उतरून बाहेर आली. ती एकटीच चालत होती, पण वाटेच्या मधून नव्हे. एका कडेनं, दुसऱ्याला जागा ठेवून. वळणापाशी तिनं काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि हसली. ते उत्तर काय होतं, ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

सामना आम्ही हरलो. सपाटून हरलो. दोरवाले खाली घसरले, आणि लोक पुष्कळ दिवस म्हणत होते की बाईनं मायक धरला म्हणून संघ बुडाला. दादानं ते ऐकून घेतलं. साहेबांनी त्याला कामावरून निरोप दिला, तोही त्यानं घेतला. पुढे संघ शहराबाहेरच्या नव्या मैदानात गेला. मला खांबावरून उतरवलं आणि गोदामात करंडकांच्या पेटीशेजारी टाकलं. तारा कापल्या आहेत, पण माझा पडदा अजून शाबूत आहे. कधी वारा आला की थरथरतो. त्यात पाण्याचा आवाज आता येत नाही, आणि मला तो नकोही आहे.

तुम्हीही खेळाल, मित्रांनो, जिंकाल, मिरवाल. जरूर मिरवा. पण बँड लावण्याआधी एकदा मागे वळून बघा, तुमच्यासाठी कोणी भिंतीपलीकडे तर गेलेलं नाही ना. गेलं असेल, तर त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवू नका, त्याच्या आठवणीत गप्प उभे राहू नका. कोणीतरी तिथवर चालत जा, आणि त्याला सांगा की झालं, आता तू घरी जा.